तेच की तसेच?

इंग्रजीतले ‘सेम’ आणि ‘आयडेंटिकल’ हे दोन्ही शब्द सारखेपणा सांगतात. शब्दकोशात एकाचा अर्थ पाहायला जावे तर तिथे बहुधा दुसराच दिलेला असतो. तरी दोघांचे काम एक नाही. ‘सेम’ या शब्दाच्या पोटात दोन अर्थ आहेत. वस्तू मुळात एकच आहे, हा पहिला. वस्तू दोन आहेत, पण त्यांत फरक दिसत नाही, हा दुसरा. ‘आयडेंटिकल’ हा शब्द रोजच्या बोलण्यात मुख्यतः दुसऱ्या अर्थाने येतो आणि तो अर्थ काटेकोरपणे सांगतो: वस्तू दोन किंवा अधिक, आणि बारीकसारीक तपशिलापर्यंत जुळणाऱ्या. ‘सिमिलर’ म्हटले की जुळणी काही बाबतींपुरतीच उरते.

दोन बहिणी लग्नाला ‘सेम’ गाडीने आल्या, असे इंग्रजी वाक्य घेतले तर दोघी एका गाडीत बसून आल्या की एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतून, हे त्या शब्दावरून कळत नाही. संदर्भ मदतीला यावा लागतो. दोघींनी ‘सेम’ साडी नेसली होती, या वाक्यात मात्र संदर्भ लगेच उलगडा करतो, कारण एक साडी एका वेळी दोघी नेसू शकत नाहीत. तत्त्वज्ञानात या दोन अर्थांना संख्यात्मक एकत्व आणि गुणात्मक सारखेपणा अशी वेगळी नावे द्यावी लागली. त्यातही एक अडचण अशी, की तिथे ‘आयडेंटिटी’ हा शब्द आधी पहिल्या अर्थाने वापरला जातो, म्हणजे रोजच्या ‘आयडेंटिकल’च्या नेमक्या उलट बाजूने. इंग्रजीतून तर्कशास्त्र शिकणारा विद्यार्थी इथे हमखास अडखळतो.

मराठीतला ‘च’

मराठीत हा गोंधळ पुष्कळ कमी आहे, कारण दोन अर्थांसाठी दोन रूपे तयार आहेत. ‘तोच’ म्हणजे तो एकच, दुसरा नव्हे. ‘तसाच’ म्हणजे दुसरा, पण त्याच्यासारखा. एका अक्षराच्या ‘च’ने सर्वनामावर बोट ठेवले जाते आणि वस्तू पक्की होते. लॅटिनमध्येही असेच घडले होते. ‘आयडेंटिकल’ ज्या ‘इदेम’ या शब्दावरून आला, त्यात ‘तो’ या अर्थाच्या सर्वनामाला जोर देणारा प्रत्यय जोडलेला आहे. संस्कृतातले ‘तदेव’ही याच घडणीचे, ‘तत्’ अधिक ‘एव’. ‘सेम’चे नाते संस्कृतातल्या ‘सम’शी लागते. दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूकडे जातात. ‘सारखा’ हा शब्द ‘सदृक्ष’वरून प्राकृतातून घडत आला, त्याच्या मुळाशी दिसणे आहे. जे सारखे दिसते ते सारखे. खान्देशातल्या अहिराणीत या ठिकाणी ‘मायक’ येते. ‘तुन्हामायक’ म्हणजे तुझ्यासारखा, तूच नव्हे.

शाळेत शिकवले जाणारे अलंकारही याच रेषेवर उभे आहेत. उपमेत दोन वस्तू वेगळ्या राहतात आणि ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘जसा’ हे शब्द त्यांना जोडतात. रूपकात दोन्हींमधला भेदच नाहीसा मानला जातो. अनन्वयात वस्तूची तुलना तिच्याशीच होते, कारण तिच्यासारखी दुसरी सापडत नाही. उपमा ‘तसे’वर चालते, रूपक आणि अनन्वय ‘तेच’वर.

घरातल्या व्यवहारातही हा भेद न शिकवता पाळला जातो. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली, तर चार दिवसांनी वाटीभर साखर परत जाते. ती साखर तीच नसते, तशीच आणि तेवढीच असते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पण त्याच शेजारणीकडून पुरणयंत्र मागून आणले, तर पुरण झाल्यावर तेच यंत्र परत करावे लागते. तशाच बनावटीचे दुसरे दिले तर ती भरपाई झाली, परतफेड नव्हे. पहिल्या व्यवहाराला मराठी माणूस ‘उसने’ म्हणतो, दुसऱ्याला ‘मागून आणणे’. प्राचीन रोमन कायद्यानेही वापरून संपणाऱ्या वस्तूंचे कर्ज आणि जशीच्या तशी परत करायची वस्तू यांसाठी दोन निराळ्या संज्ञा केल्या होत्या.

एक नाव, दोन गावे; एक गाव, दोन नावे

सारखेपणाच्या बाबतीत पहिली फसगत होते ती नावामुळे. खान्देशात जळगाव आहे आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे. दोन्हींचा उल्लेख नुसता ‘जळगाव’ असा झाला तर नाव तेच, पण गावे दोन. उलट बाजूचे उदाहरण मुक्ताईनगरचे. हे तालुक्याचे गाव पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखले जाई. जुन्या कागदातले एदलाबाद आणि आजचे मुक्ताईनगर ही दोन सारखी गावे नव्हेत, ते एकच गाव आहे. जळगावला १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. पदवीपत्रावरचे नाव बदलले, पदवी देणारी संस्था तीच राहिली.

जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी १८९२ मध्ये एका निबंधात हाच प्रश्न शुक्राच्या उदाहरणाने मांडला. पहाटे पूर्वेला दिसणारी तेजस्वी चांदणी आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी चांदणी या दोन नाहीत. तो एकच शुक्र ग्रह आहे. पण हे सांगणे नुसत्या शब्दांचा खेळ नव्हता, ते आकाश पाहून मिळवलेले ज्ञान होते. म्हणून नावाचा अर्थ आणि नावाने दाखवलेली वस्तू या दोन गोष्टी निराळ्या धराव्या लागतात, असे फ्रेगे यांनी दाखवले. ज्याला एदलाबाद आणि मुक्ताईनगर ही दोन्ही नावे ठाऊक आहेत पण ती एकाच गावाची आहेत हे ठाऊक नाही, त्याच्या मनात दोन गावे असतात. जमिनीवर गाव एकच असते.

जिल्ह्यांची गोष्ट आणखी एक पायरी पुढे नेते. खान्देश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर पूर्व खान्देशचा जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिम खान्देशचा धुळे. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा निघाला. त्याच्या आदल्या दिवशीचा धुळे जिल्हा आणि दुसऱ्या दिवशीचा धुळे जिल्हा एकच का? जिल्हा म्हणून तोच आहे: तेच मुख्यालय, तेच नाव, तोच कारभार. क्षेत्र म्हणून मात्र तेच नाही. म्हणून दोन जनगणनांमधली धुळ्याची लोकसंख्या शेजारी ठेवताना ‘धुळे’ म्हणजे कोणते धुळे, हे आधी पाहावे लागते. ‘तेच’ म्हणण्यापूर्वी ‘तेच काय’ हे सांगावे लागते, आणि पुढच्या प्रत्येक उदाहरणात हीच किल्ली लागू पडते.

ग्रँड नैनची बाग

‘आयडेंटिकल’ या शब्दाचा अर्थ डोळ्यांनी पाहायचा असेल, तर रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतली केळीची बाग पाहावी. तापीच्या काठची काळी जमीन, ओळीने अंथरलेल्या ठिबकच्या नळ्या, आणि एका अंतरावर उभी असलेली हजारो झाडे. सगळ्यांची उंची जवळपास एक, घड बाहेर पडण्याची वेळ जवळपास एक, घडाच्या फण्यांची ठेवणही एक. शेताच्या एका टोकाकडून पाहिले तर एकच झाड आरशात पुन्हापुन्हा उमटल्यासारखे वाटते.

याचे कारण केळीच्या जन्मात आहे. खाण्याच्या केळीला बी धरत नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ३३, आणि तीन संच असल्याने बीजनिर्मितीची घडी नीट बसत नाही. म्हणून केळीची लागवड पूर्वापार मुनव्यांपासून किंवा कंदांपासून होते. मुनवा हा आईच्याच कंदातून फुटलेला असतो, त्यामुळे त्याचा आनुवंशिक साचा आईचाच असतो. पण मुनवे लहानमोठे निघतात, त्यांचे वय सारखे नसते, सोबत जमिनीतले रोग येतात, आणि बाग मागेपुढे निसवते.

१९९० च्या दशकात जळगावात जैन इरिगेशन या कंपनीने ग्रँड नैन या वाणाची ऊतिसंवर्धित रोपे शेतकऱ्यांपर्यंत नेली. पद्धत अशी. निवडक निरोगी झाडाच्या मुनव्याचा वाढबिंदू काढतात, तो निर्जंतुक करतात आणि साखर, क्षार व वाढसंजीवके असलेल्या माध्यमात काचेच्या बाटलीत ठेवतात. त्याला अनेक कोंब फुटतात. ते वेगळे करून पुन्हा नव्या बाटल्यांत ठेवले जातात. पुढे मुळे फुटलेली रोपे हरितगृहात आणि शेडनेटमध्ये हळूहळू बाहेरच्या हवेला सरावतात आणि मग शेतात जातात. मुनव्यांची बाग हाती यायला सोळा ते अठरा महिने लागत; ऊतिसंवर्धित बाग साधारण अकरा-बारा महिन्यांत कापणीला येते, आणि तीही थोड्या दिवसांच्या अंतरात एकदम. व्यापाऱ्याला एकाच प्रतीचा माल एका फेरीत मिळतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीहून मानांकित केळी दुबईला गेली. निर्यातीच्या खोक्यात एकसारखेपणाला पैसे पडतात.

आता किल्ली लावून पाहावी. दोन शेतकऱ्यांच्या बागेत काय ‘तेच’ आहे? वाण तेच आहे, कारण ग्रँड नैन हे वाण एकच आहे. रोपे मात्र ती नव्हेत, तशीच आहेत. एका शेतातले रोप उन्हाने करपले म्हणून शेजारच्या शेतातले करपत नाही. वाणाची मोजणी एक, रोपांची मोजणी हजारो. ‘सेम केळी’ असे म्हणणाऱ्याला या दोन्हींपैकी काय म्हणायचे आहे, हे त्या शब्दातून निघत नाही.

पूर्ण सारखेपणाचा दावाही जपूनच करावा लागतो. ऊतिसंवर्धनात कोंब वेगळे करण्याच्या फेऱ्या फार वाढल्या तर काही रोपांत आनुवंशिक बदल होतात: कोणी खुजे राहते, कोणाच्या पानाची ठेवण बदलते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत फेऱ्यांवर मर्यादा असते आणि बदललेली रोपे निवडून बाजूला काढली जातात. शेतात गेल्यावर पाणी, ऊन, वारा यांचा वाटा प्रत्येक झाडाला वेगळा येतो. बांधाकडच्या झाडाला गरम वाऱ्याचा झोत जास्त लागतो, मधल्याला कमी.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स यांचे म्हणणे होते, की निसर्गात अगदी तंतोतंत जुळणाऱ्या दोन वस्तू नसतातच. दोन वस्तूंत कुठलाही फरक उरला नाही, तर त्या दोन नव्हेत, एकच. हॅनोव्हरजवळच्या हेरेनहाउझेनच्या बागेत एका गृहस्थाने हे खोटे ठरवण्यासाठी अगदी एकसारखी दोन पाने शोधण्याचा खटाटोप केला आणि त्याला ती सापडली नाहीत, अशी आठवण लायब्निट्स यांनी १७१६ मधल्या एका पत्रात लिहिली आहे. केळीच्या बागेतही तोच प्रयोग करता येतो. लांबून एकरूप दिसणारी दोन पाने हातात घेतली की एकाची कड वाऱ्याने चार ठिकाणी फाटलेली असते, दुसऱ्याची सहा.

एकसारखेपणाची दुसरी बाजू रोगराईत दिसते. एकाच साच्याच्या झाडांची ताकद जशी एक, तशी दुबळी जागाही एकच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल हे केळीचे वाण चालत असे. पनामा मर या बुरशीजन्य रोगाने त्याच्या बागा एकामागून एक बसल्या आणि त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. खान्देशातली बसराई आणि ग्रँड नैन ही दोन्ही वाणे याच गटातली. आता कॅव्हेंडिशवर पडणारा त्या बुरशीचा नवा प्रकार बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला आहे. जळगावचे शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात तो कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोगही बागेच्या बागा उपटायला लावतो. प्रत्येक झाड स्वतंत्रपणे आजारी पडते, पण सगळी एकाच कारणाने पडू शकतात. झाडे वेगळी, साचा तोच, या एका वाक्यात बागायतदाराचा फायदा आणि धोका दोन्ही बसतात.

काळ लोटल्यावर ‘तीच’

केळीचे झाड एकदाच निसवते. घड कापला की त्या झाडाचे काम संपले. पण त्याच्या बुंध्याशी राखलेला पील, म्हणजे मुनवा, वाढतो आणि त्याचे दुसरे पीक घेतले जाते, त्याला खोडवा म्हणतात. पहिल्या वर्षी ज्या झाडाला घड लागला ते झाड दुसऱ्या वर्षी नसते. तरी शेतकरी ‘तीच बाग’ म्हणतो, आणि त्याचे बरोबर आहे. बाग ही जागा, कंद आणि पिलांची साखळी मिळून होते. ती साखळी तुटलेली नाही. झाड मोजले तर दुसरे, बाग मोजली तर तीच.

ग्रीक परंपरेत थीसियसच्या जहाजाचा प्रश्न विचारला जातो. एकेक फळी बदलत सगळ्या फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच का? खान्देशच्या वाचकाला तापीचे उदाहरण जवळचे वाटेल. कालचे पाणी हतनूरच्या धरणातून पुढे गेले, आज दुसरे आले. पाणी ते नव्हे, नदी तीच. बदल सलग आणि क्रमाने झाला की ‘तेच’पण टिकते. एका क्षणात सगळे बदलले तर मात्र आपण ‘तसेच’ म्हणतो.

पोथी आणि ग्रंथ

धुळ्यात ‘तेच’ आणि ‘तसेच’ या भेदाला फार मोठे मोल आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद तिथे जपले गेले. धुळ्यातच समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमातून उभ्या राहिलेल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखिते आहेत. समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातले म्हणून जपलेले वाल्मीकी रामायण त्यांत आहे.

वाल्मीकी रामायण कोणत्याही पुस्तकाच्या दुकानात मिळते. मजकूर जुळत असेल तर ग्रंथ तोच. पण वाग्देवता मंदिरातली पोथी दुसरीकडे मिळत नाही. तिची छायाप्रत काढली, अगदी पानावरच्या डागासकट छापली, तरी ती तशीच होईल, तीच होणार नाही, कारण त्या कागदावर तो हात फिरलेला नाही. कागदाचा कस, शाईचा प्रकार, खाडाखोड, हे सारे पुरावे मूळ प्रतीतच राहतात. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ पोथी पुढे नाहीशी झाली. मजकूर छापील रूपात वाचला, पण अक्षराचे वळण आणि कागदाचे वय तपासण्याची वाट कायमची बंद झाली. ‘तेच’ एकदा गेले की ‘तसे’ कितीही असले तरी ती जागा भरून येत नाही. जुने कागद जपण्याची सगळी धडपड या एका कारणासाठी असते.

सोन्याच्या बाजारात हाच प्रश्न उलट बाजूने येतो. जळगावच्या सराफा दुकानातल्या एका जोडातल्या दोन बांगड्या वजनाने, घडणीने, कसाने सारख्या असतात. सोने म्हणून एक दुसरीच्या जागी चालते. पण दागिना ओळखता यावा म्हणून हॉलमार्कसोबत प्रत्येक नगावर अक्षरे आणि अंक मिळून सहा खुणांचा स्वतंत्र क्रमांक असतो, आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी तो आवश्यक झाला. बांगड्या एकसारख्या, क्रमांक वेगळे. चोरीला गेलेली बांगडी तशीच आहे म्हणून चालत नाही. तीच आहे हे सिद्ध करावे लागते.

समान म्हणजे एकसारखे नव्हे

या कुटुंबातला आणखी एक शब्द ‘ईक्वल’, म्हणजे समान. तो वस्तूंच्या एकत्वाविषयी बोलत नाही, मापाविषयी बोलतो. पाच किलोची ज्वारी आणि पाच किलोचा दगड वजनाने समान आहेत, सारखे नाहीत.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेली फड पद्धत हा फरक चांगला दाखवते. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालचे क्षेत्र काही फडांत विभागलेले. एका फडात त्या वर्षी एकच पीक, आणि पिकांची फेरपालट फडाफडातून. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे. शेतकऱ्याची जमीन एका ठिकाणी न राहता निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे एका वर्षी पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर त्याची झळ सगळ्यांना मिळून सोसावी लागे. कोणाचे शेत पाटाच्या मुखाशी, कोणाचे शेपटाला. कोणाची जमीन जास्त, कोणाची कमी. वाटे एकसारखे नव्हते. पण न्यायाच्या मापाने माणसे समान धरली होती, आणि म्हणून ही व्यवस्था टिकली. जिथे समानता हवी तिथे एकसारखेपणा लादला, की दोन्ही हातचे जातात.

शब्द निवडताना

इंग्रजी लिहिताना म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वस्तू एकच असेल तर ‘सेम’ योग्य, आणि त्याच्या आधी बहुधा ‘द’ लागतो. वस्तू दोन असून कणभरही फरक नसेल तर ‘आयडेंटिकल’. काही बाबतींत जुळत असतील तर ‘सिमिलर’. मापात जुळत असतील तर ‘ईक्वल’. ‘आयडेंटिकल’ला पूर्णतेचा दावा चिकटलेला असल्याने ‘थोडेसे आयडेंटिकल’ म्हणणे बसत नाही; तिथे ‘सिमिलर’च हवा. ‘एकसारखी जुळी’ भावंडे एकाच फलित बीजापासून जन्मतात म्हणून त्यांना ‘आयडेंटिकल’ म्हणतात, पण त्यांच्याही बोटांचे ठसे वेगळे असतात. तिथे तो शब्द जन्माचा प्रकार सांगतो, संपूर्ण सारखेपणा नव्हे.

मराठीत लिहिताना ‘सेम टू सेम’ने काम भागवण्याऐवजी ‘तेच’ आणि ‘तसेच’ हे दोन शब्द जपून वापरले तर बहुतेक वेळा तेवढ्यानेच अर्थ नेमका होतो. जिथे होत नाही तिथे नाम जोडावे: तेच वाण, तशीच रोपे, तोच ग्रंथ, दुसरी पोथी, तेच गाव, नवे नाव. मग ऐकणाऱ्याला प्रश्न उरत नाही.